सेमिनरीसाठी दान: मागायचं केव्हा, मोजायचं कुणी, सांगायचं काय

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे उत्तर कशाचं चाललंय ते वाचणाऱ्या इतरांनाही कळेल. तुमच्या धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, ७० कुटुंबं, तीन उपकेंद्रं, म्हणजे फादर फिरतीवर जातात ती ठिकाणं. नोकरीवाली घरं नऊ, बाकी दोन-चार एकरवाले आणि मजूर. बिशप हाऊसचं पत्र आलंय की सेमिनरीसाठी, म्हणजे पुढे फादर होणाऱ्या मुलांच्या शिक्षणासाठी, खास दान गोळा करा. मागच्या वर्षी उत्तम मेंढपाळाच्या रविवारी झोळी फिरवली तर ८४० रुपये जमले. फादर हिरमुसले आणि लोक म्हणाले, बाहेरून येते न पैसा. आता पॅरिश कौन्सिलच्या सचिव तुम्ही आहात, आणि कुणाला लाजवून न सोडता हे काम कसं करावं असं विचारताय.

मी मिशनच्या शाळेत क्लार्क होतो. धर्मग्रामाच्या आर्थिक समितीचं दप्तर २१ वर्षं माझ्याकडे आहे. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, तुमच्यासारखंच. चुका भरपूर केल्या, त्यातल्या दोन-तीन खाली सांगतोच.

आधी ते ८४० रुपये. त्यात लोकांचा दोष नाही, तारखेचा आहे. पोप पॉल सहावे यांनी १९६४ मध्ये पाचारणासाठी, म्हणजे फादर-सिस्टर होण्याच्या हाकेसाठी, प्रार्थनेचा जागतिक दिवस सुरू केला. तोच उत्तम मेंढपाळाचा रविवार. तो पास्काच्या (ईस्टरच्या) चौथ्या रविवारी येतो, म्हणजे एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत कधीतरी. हा काळ आपल्याकडे कसा असतो ते मी तुम्हाला सांगायला नको. कापूस विकून झालेला, तुरीचा पैसा दुकानदाराच्या उधारीत गेलेला, ३१ मार्चला पीककर्जाचं नवं-जुनं करून लोक रिकामे झालेले. वर लग्नसराई. पुढे बियाण्याच्या बॅगा आणि खत घ्यायचं असतं. त्या रविवारी माणूस झोळीत दहा रुपये टाकतो तेच पुष्कळ. चर्चचं कॅलेंडर रोममध्ये बसून आखलंय, त्यात मृग नक्षत्र नाही.

आम्ही सात-आठ वर्षं हीच चूक केली. मग दोन गोष्टी वेगळ्या केल्या. उत्तम मेंढपाळाच्या रविवारी फक्त प्रार्थना. त्या दिवशी पैशाचं नाव काढायचं नाही, जमलं तर सेमिनरीतल्या एखाद्या ब्रदरला बोलवायचं. दान मागायचं ख्रिस्तराजाच्या रविवारी, नोव्हेंबरच्या शेवटी. तोवर सोयाबीन विकलेलं असतं, कापसाची पहिली-दुसरी वेचणी झालेली असते, घरात रोख असते. पिकाला कामकरी थोडे, हे शुभवर्तमानातलं वचन वेचणीला मजूर शोधून थकलेल्या माणसाला त्या आठवड्यात समजावून सांगावं लागत नाही. ज्या वर्षी परतीच्या पावसानं सोयाबीन काळं पडलं, त्या वर्षी आम्ही तारीख पुढे ढकलून तुरीवर, म्हणजे फेब्रुवारीवर नेली. बिशप हाऊसला पत्र टाकलं की उशीर होईल. कुणी रागावलं नाही.

भावाचंही भान ठेवा. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये होता आणि बाजारात चार-सव्वाचार हजारांनी विकावं लागत होतं. अशा वर्षी ‘एका क्विंटलमागे अमुक द्या’ असा हिशेब वेदीवरून सांगितला तर माणसं मनातल्या मनात शिव्या देतात. आकडा लोकांना ठरवू द्या.

आता धान्याबद्दल. मजुराच्या हातात रोख कमी असते, पण धान्य सगळ्यांच्या घरात असतं. मुष्टिफंड हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही, कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहातल्या मुलांसाठी मूठ-मूठ धान्य असंच गोळा केलं. केरळातल्या चर्चमध्येही रोजच्या तांदळातून एक मूठ बाजूला काढण्याची जुनी रीत आहे, आपल्याकडच्या बऱ्याच केरळी फादरांनी ती घरी पाहिलेली असते. आमच्या सिस्टरांनी एकदा तराजूवर मोजून पाहिलं, स्वयंपाक करणाऱ्या बाईची मूठ ४० ग्रॅमच्या आसपास भरते. दिवसाला एक मूठ धरली तर वर्षाला एका घरातून साडेचौदा किलो होतात. ७० घरांतून १० क्विंटल. कागदावर हे फार सुंदर दिसतं.

प्रत्यक्षात पहिल्या वर्षी आम्ही दीड क्विंटल गोळा केलं आणि त्यातलं अर्धं रेशनचा तांदूळ निघालं. रेशनचं धान्य विकणं कायद्यात बसत नाही, आणि आम्ही तर ते विकून पैसे पाठवणार होतो. ते गुपचूप सिस्टरांच्या बोर्डिंगमधल्या मुलांना जेवायला घातलं आणि पुढच्या वर्षी स्पष्ट सांगितलं: शेतातलं द्या, रेशनचं नको. दुसऱ्या वर्षी उत्साहाच्या भरात तुरीचे चार कट्टे गाडीत घालून थेट दूरच्या एका वसतिगृहात पाठवले. गाडीभाडं मालाच्या किमतीच्या निम्म्यावर गेलं आणि तिथं कोठीत ठेवता ठेवता सोंडे लागले. तिथल्या फादरांनी फोनवर आभार मानले, पण आवाजावरून कळलं की पुढच्या वर्षी नका पाठवू.

तेव्हापासून धान्य गावातच विकतो. ख्रिस्तराजाच्या रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, संपल्यावर अंगणात लिलाव करतो: तूर, ज्वारी, कापसाचं गाठोडं, कोंबडी, लाल भोपळा, कुणी केलेलं लोणचं. एका वर्षी कोहळं ११०० रुपयांना गेलं, घेणाऱ्याचा मुलगा बारावी पास झाला होता. लिलावात मजा येते, पण दोन गोष्टी आधीच ठरवा. बोलीचे पैसे त्याच संध्याकाळपर्यंत. आमच्याकडे एका भल्या माणसाच्या बोलीची बाकी दोन वर्षं दप्तरात पडून होती, ना मागता येत होती ना खोडता. आणि बोली एका मर्यादेपलीकडे गेली की थांबवायची, नाहीतर दोन घरांची जुनी खुन्नस कोंबडीवरून वर येते. दान बाजूला राहतं आणि चार दिवस गावात तेच चालतं.

आता सगळ्यात मोठी चूक सांगतो. साधारण १५ वर्षांपूर्वी मीच सुचवलं होतं की नाव आणि रक्कम फलकावर लिहू, म्हणजे चुरस लागेल. मंदिर-मशिदीच्या बांधकामाला लावतात तसा. लागली खरी, आधीच्या वर्षाच्या दुप्पट जमले. उतरत्या रकमेनं यादी लिहिली होती. सगळ्यात खाली एका मावशीचं नाव होतं, १० रुपये. नवरा गेलेला, निंदणाला जाणारी बाई. त्या पुढच्या रविवारी आल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. नाताळच्या मिस्सालाही नाहीत. मी घरी गेलो तर त्यांनी चहा केला, सगळं विचारलं, फलकाविषयी एक शब्द बोलल्या नाहीत. निघताना दारात म्हणाल्या, “भाऊ, मले वाचता येत नाई म्हनून बरं. पोरीनं वाचून दाखवलं.” त्या दिवशी शुभवर्तमानातला दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेचा उतारा मी किती वर्षं वेदीवर वाचतोय याची मोजदाद मनात केली. फलक उतरवला. आता यादी अकारविल्हे असते, रकमेशिवाय, आणि ज्याला नाव नको त्याचं नसतं.

मोजणीचं सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला तिथं सापडलं. आमच्या एका उपकेंद्रावर एका म्हाताऱ्या बाबाजींनी भर बैठकीत विचारलं होतं, “फादर, देतो न आमी. पण थे पैसे कोठी जाते, थे कदी सांगसान का?” फादर गोंधळले, कारण त्यांनाही नीट माहीत नव्हतं. झोळी फिरायची, फादर खोलीत नेऊन मोजायचे, वर्षातून एकदा चेक जायचा. चोरी कुणीच करत नव्हतं. तरी सगळ्यांना वाटायचं की काहीतरी आहे.

आता आमच्याकडे सॅक्रिस्टीतल्या, म्हणजे वेदीशेजारच्या तयारीच्या खोलीतल्या, पत्र्याच्या टेबलावर मोजणी होते, दार उघडं ठेवून. दोघं मोजतात, तिसरा लिहितो, आणि तिघांपैकी एक बाई असते. मोजणारे दर तीन महिन्यांनी बदलतात. दहाच्या नोटा घडी घालून घालून तिकिटाएवढ्या झालेल्या असतात, नोव्हेंबरात त्यांना कापसाचे तंतू चिकटलेले असतात. त्या एकेक उलगडून सरळ करायला वेळ लागतो, लागू द्यावा. आकडा रजिस्टरात, तिघांच्या सह्या, सोमवारी बँक. पुढच्या रविवारी सूचनांच्या वेळी आकडा वाचायचा. आणि पैसे पाठवल्यावर सेमिनरीची किंवा बिशप हाऊसची पावती झेरॉक्स करून दारावर लावायची. त्या बाबाजींनी दारावरची ती पावती बोट ठेवून वाचली, मग खिशातून ५०० काढले. मला वाटतं आमचं दान वाढलं ते एवढ्यानंच. प्रवचनं आधीही चांगलीच होती.

यात फादरांना दुखावण्यासारखं काही नाही. त्यांना सांगा की चर्चच्या कायद्यातच हे लिहिलंय. १९८३ च्या संहितेत कलम ५३७ प्रत्येक धर्मग्रामाला आर्थिक समिती सक्तीची करतं. कलम १२८७ म्हणतं की भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्यावा. कलम १२६७ म्हणतं की एका कामासाठी दिलेलं दान त्याच कामाला लावायचं. हे शेवटचं तुमच्या उपयोगाचं आहे, कारण पावसात छप्पर गळायला लागलं की कुणीतरी म्हणणारच, सेमिनरीचे पैसे पडलेत न, तात्पुरते वापरू. वापरू नका. छपरासाठी वेगळं मागा, लोक देतात. कलम २६४ नुसार बिशप सेमिनरीसाठी धर्मप्रांतात, म्हणजे त्यांच्या हद्दीतल्या सगळ्या धर्मग्रामांत, करसुद्धा बसवू शकतात, तेव्हा आलेलं पत्र हे नुसतं भावनिक आवाहन आहे असंही समजू नका.

आणखी एक घोळ टाळा. ऑक्टोबरातल्या मिशन रविवारची झोळी वेगळ्या संस्थेकडे जाते, ती सेमिनरीची नाही. दोन्ही एका पाकिटात गेल्या की वर्षअखेरीस ताळा लागत नाही, अनुभव आहे. तसंच मिस्साच्या हेतूसाठी, म्हणजे कुणासाठी खास मिस्सा करा म्हणून, दिलेले पैसे. फादरांनी एका दिवशी दोन-तीन मिस्सा केल्या तरी कायद्यानं ते एकाच मिस्साचं दान स्वतःकडे ठेवू शकतात, बाकीचं बिशप ठरवतील त्या कामाला जातं, आणि पुष्कळ ठिकाणी ते काम सेमिनरीच असतं. म्हणजे तीन उपकेंद्रं फिरणारे तुमचे फादर स्वतः आधीच या फंडात घालत असतील. लोकांना हे ठाऊक नसतं. सांगितलं तर फादर संकोचतील, तरी सांगा.

‘बाहेरून पैसा येतो’ याचं उत्तर रागानं देऊ नका, कारण ते अर्धं खरं आहे. आपल्याकडचं मिशन बाहेरच्या पैशावरच उभं राहिलं. नागपूर धर्मप्रांत १८८७ चा, अमरावती त्यातून १९५५ मध्ये वेगळा झाला, आणि सुरुवातीचे मिशनरी फ्रान्सकडचे. सेमिनरीच्या मदतीची जगभरची जी संस्था आहे, प्रेषित पेत्राच्या नावाची, तीही फ्रान्समध्येच १८८९ मध्ये सुरू झाली. स्तेफनी बिगार नावाची विधवा आणि तिची मुलगी जान. जपानमधल्या नागासाकीच्या बिशपांनी त्यांना लिहिलं की मुलं तयार आहेत, शिकवायला पैसे नाहीत म्हणून परत पाठवावी लागताहेत. त्या दोघींनी घरातून काम सुरू केलं, आणि १९२२ मध्ये पोपनं ती संस्था आपल्या छत्राखाली घेतली. तिच्यातून भारतातल्या सेमिनरींनाही मदत येते.

पण त्या पैशाच्या भरवशावर बसायचे दिवस गेले. परदेशी देणगीचा कायदा २०२० मध्ये बदलला. आता अशी देणगी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते, एका संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, आणि कार्यालयीन खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. पूर्वी एका ठिकाणी आलेला पैसा चार ठिकाणी वाटला जायचा, ते बंद झालं. शिवाय तिकडच्या चर्चही रिकाम्या होत चालल्या आहेत. हे दोन वाक्यांत सांगितलं की आमच्याकडचे लोक गप्प झाले, कारण बँकेचे नियम बदलल्याचा ताप प्रत्येकानं सोसलेला असतो.

दुसरा आक्षेप तुम्ही लिहिला नाही, पण ऐकू येईल: फादर केरळचे नाहीतर गोव्याचे, आम्ही कशाला पैसे द्यायचे? मला तर हेच पैसे द्यायचं सगळ्यात पक्कं कारण वाटतं. पोप लिओ तेरावे यांनी १८९३ मध्ये भारतासाठी पोपची सेमिनरी काढली, आधी श्रीलंकेत कँडीला, १९५५ पासून पुण्यात. तेव्हाच्या पदकावर लॅटिनमध्ये कोरलं होतं की भारता, तुझेच पुत्र तुझ्या तारणाचे सेवक होतील. आमच्या भागात इतक्या वर्षांनीही ते पुरतं झालेलं नाही. केरळहून आलेल्या फादरांनी आमच्यासाठी हाडं झिजवली, त्याबद्दल वाकडा शब्द काढणार नाही. पण मरणाच्या खाटेवरची म्हातारी पापनिवेदन वऱ्हाडीतच करते, आणि “मले लय जड होऊन राह्यलं” म्हणजे काय ते समजायला एका फादरांना दोन वर्षं लागली होती. मेळघाटात कोरकू बोलणारा फादर असणं याहूनही अवघड. असा मुलगा आपल्याच गावातून जायचा तर खर्चाचा वाटाही आपल्या गावातून जायला हवा.

खर्च किती? आकडा मी सांगत नाही, तो प्रत्येक सेमिनरीचा आणि प्रत्येक वर्षाचा वेगळा. तुमच्या धर्मप्रांताच्या प्रोक्युरेटरना, म्हणजे पैशाचा कारभार पाहणाऱ्यांना, पत्र लिहा: एका विद्यार्थ्यामागे वर्षाचा खर्च किती, धर्मप्रांत किती देतं, घरचे किती देतात. उत्तर येतं. मग तो आकडा ३६५ नं भागून एका दिवसाच्या जेवणा-राहण्याचा करून लोकांना सांगा. वर्षाचा आकडा ऐकून माणूस मान खाली घालतो. एका दिवसाचा ऐकला की मनातल्या मनात हिशेब करतो, माझ्या नावावर चार दिवस घे.

किती वर्षं लागतात हेही सांगा, कारण बहुतेकांना वाटतं की दोन-तीन वर्षांचा कोर्स असतो, डी.एड.सारखा. दहावी-बारावीनंतर मुलगा जातो. भाषा, इंग्रजी, मग बऱ्याच ठिकाणी पदवी. तयारीचं एक वर्ष. मग तत्त्वज्ञान, मध्ये एखादं वर्ष कुठल्यातरी मिशनवर प्रत्यक्ष काम, मग ईश्वरज्ञानाची चार वर्षं. तत्त्वज्ञान आणि ईश्वरज्ञान मिळून किमान सहा वर्षं हवीत असं कायदाच म्हणतो, आणि वयाची २५ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय गुरुदीक्षा नाही, म्हणजे फादर होता येत नाही. सगळं धरून दहा-बारा वर्षं सहज जातात. नागपूरला सेमिनरी हिल्सवर फिरायला जाणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असतं कोण जाणे की टेकडीचं नाव तिथल्या सेंट चार्ल्स सेमिनरीवरून पडलंय. आम्ही एका वर्षी उपकेंद्रांतल्या लोकांना बसनं तिथं नेलं. मेसमध्ये मुलांच्या पंगतीत बसवून जेवू घातलं. परत येताना बायका एवढंच बोलत होत्या की वरण पातळ होतं. त्या वर्षी लिलावात तूर सगळ्यात जास्त आली.

मुलाबद्दल एक सावधगिरी. गावातला मुलगा सेमिनरीत असेल तर त्याच्या नावानं दान मागायचा मोह होतो. लोकही लवकर देतात. तरी मागू नका, सेमिनरीच्या सामाईक फंडासाठीच मागा. आमच्या गावचा एक मुलगा ईश्वरज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला परत आला. विचारपूर्वक आला, वरिष्ठांशी बोलून आला. सेमिनरी असतेच त्यासाठी, पारखायला. पण बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीवर एकानं त्याला हसत हसत विचारलं, “काहो ब्रदर, आमचे पैसे बुडाले मंग?” मी तिथंच होतो. पोरानं चहा तसाच ठेवला आणि उठून गेला. त्याच्या आईनं सहा महिने माझ्याशी बोलणं टाकलं, कारण त्याच्या नावाचं पाकीट छापायची कल्पना माझी होती. मुलगा सेमिनरीत असताना तिनं मला एकदा सांगितलंही होतं, “माहा पोट्टा लोकायच्या पैशावर शिकते, असं कोनी म्हनू नये.” मी तेव्हा ते नम्रता म्हणून घेतलं. तो मुलगा आज शिक्षक आहे, रविवारी आमच्या गायनमंडळाची पेटी वाजवतो. पाकिटावर आता फक्त ‘सेमिनरी’ एवढंच छापलंय.

गोळा करायला माणसं कशी लावायची, तेही विचारलंय तुम्ही. पोलीन जारिको नावाच्या बाईनं २०० वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या लियों शहरात रेशमाच्या कारखान्यांतल्या मजुरांकडून मिशनसाठी आठवड्याला एक एक नाणं गोळा केलं. १८२२ मध्ये त्यातून मोठी संस्था झाली, आणि २०२२ मध्ये चर्चनं तिला धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरची, जाहीर केलं. तिची युक्ती साधी होती: दहा जणांमागे एक माणूस, त्या दहांची जबाबदारी त्याची. आम्ही तेच केलं, दहा घरांमागे एक बाई. बचत गटात काम केलेल्या बायका घ्या, त्यांना वही ठेवता येते आणि कुणाच्या घरी या महिन्यात जाऊ नये हेही कळतं. ज्या घरात आजारपण आहे, तिथं त्या दानाचं नाव न काढता भाजी घेऊन जातात. हिशेब असा: ७० घरांनी आठवड्याला १० रुपये दिले तर वर्षाला ३६,४०० होतात. निम्म्यांनी दिले तरी १८,२००. तुमच्या ८४० च्या शेजारी हा आकडा लिहून पाहा. सक्ती मात्र कुठंच नको, आणि दहा रुपये हा दर आहे असंही कुणाला वाटू देऊ नका.

नोकरीवाल्या नऊ घरांना वेगळं भेटा, पण त्यांना करसवलतीचं आमिष दाखवू नका. निव्वळ धार्मिक ट्रस्टला दिलेल्या दानावर ८०जी मिळत नाही, आणि नंतर सीए नाही म्हणाला की तो माणूस तुम्हालाच धरतो. क्यूआर कोड लावायचा तर ट्रस्टच्या खात्याचा लावा. फादरांच्या किंवा तुमच्या मोबाइल नंबरवर एक रुपयाही नको, कितीही विश्वास असला तरी. दुबई-कतारला गेलेली मुलं पाठवू म्हणतील. त्यांचा पासपोर्ट भारतीय असेल आणि पैसे बँकेतून येत असतील तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. पासपोर्ट बदललेला असेल तर धरली जाते, तेव्हा त्यांना थेट बिशप हाऊसशी बोलू द्या.

कुणी मृताच्या स्मरणार्थ मोठी रक्कम देऊ केली तर ती मुदत ठेवीत टाकून व्याज दरवर्षी सेमिनरीला पाठवायची पद्धत आहे. चांगली आहे, पण १ लाखावर ७ टक्क्यांनी वर्षाला ७ हजारच मिळतात हे देणाऱ्याला आधीच सांगा. नाहीतर त्याला वाटतं आपण एक फादर घडवला. ठेव राष्ट्रीयीकृत बँकेत ठेवा. जास्त व्याज देणाऱ्या पतसंस्थेचा संचालक तुमच्याच गायनमंडळात असेल, तरी नाही म्हणा. आमच्या जवळच्या एका धर्मग्रामाचे पैसे असेच अडकले, अजून निघालेले नाहीत.

वेदीवरून काय बोलायचं त्याचा मसुदा मागितला होता. आमच्याकडे मी वाचतो, फादर नाही, कारण फादरांनी फादरांसाठी मागितलेलं ऐकायला बरं वाटत नाही. मजकूर असा:

“मागच्या वर्षी सेमिनरीसाठी आपण इतके इतके रुपये दिले. ते अमुक तारखेला पोहोचले, पावती दारावर आहे. एका मुलाचा एका दिवसाचा खर्च इतका आहे. ज्यांना जमेल त्यांनी ख्रिस्तराजाच्या रविवारी पैसे किंवा शेतातलं काही आणावं. ज्यांना या वर्षी जमत नाही त्यांनी मनाला लावून घेऊ नये, त्यांनी मुलांसाठी एक आमच्या स्वर्गीय बापा म्हणावं. लिलाव मिस्सानंतर अंगणात. रेशनचा तांदूळ आणू नये.”

शेवटच्या वाक्याला दरवर्षी हशा पिकतो, तरी वाचा. तुमच्या पहिल्या वर्षी ‘मागच्या वर्षी इतके’ या जागी ८४० च वाचावे लागतील. लपवू नका. पावती मिळाली नसेल तर आत्ताच प्रोक्युरेटरना फोन करून मागवा, नोव्हेंबरला अजून वेळ आहे.